घासलेली सुरई

सुरई वाया गेली हे कळलं, त्या दिवशी काकासाहेबांच्या बायकोचं, सुरेखाचं, वर्षश्राद्ध होतं. काकासाहेब अंघोळ उरकून मागच्या अंगणात ओला पंचा वाळत घालायला आले. नळाजवळ घासलेली भांडी पालथी घातली होती. ताटं, तांब्या, समई. आणि त्यांच्यातच बिदरीची सुरई. ॲल्युमिनियमच्या जुन्या तपेल्यासारखी राखाडी.

उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सुरेखानं संग्रहालय मांडलं होतं. जाती, पायल्या, अडकित्ते, हिमरू कापडाचे तुकडे, निजामाच्या काळातली कुलपं. सगळं लोकांच्या घरांतून मागून आणलेलं. त्यात लोक मुद्दाम बघायला यायचे अशी वस्तू एकच, ही सुरई. काळ्याभोर धातूत चांदीच्या तारेची फुलं. काळं होतं म्हणून फुलं दिसायची. आता काळं गेलं, आणि फुलं कुठं आहेत ते बोटानं चाचपावं लागत होतं.

शिवाय ती घरची नव्हतीच. नवाबपुऱ्यातल्या हमीदाबींनी सुरेखाच्या शब्दावर ती ठेवायला दिली होती. दर जुम्म्याला येऊन बघून जायच्या. आज जुम्माच होता.

"हे कुणी केलं?" काकासाहेब ओरडले.

सुरेखाच्या थोरल्या बहीण सत्यभामाअक्का स्वयंपाकाला म्हणून आदल्या दिवशी लासूर स्टेशनहून आल्या होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"म्या केलं. चिंच-मीठ लावून हात भरून येईस्तोवर घासली, तवा कुठं काळं निघालं. वर्षश्राद्धाला घरात काळी भांडी ठेवतेत व्हय?"

"ते काळं काढायचं नसतं, अक्का. ती बिदरी आहे. काळीच असते."

"मला काय सपान पडलं? समई काढायचीय म्हणलं, तर तुम्ही पडल्या पडल्या किल्ल्यांचा जुडगा फेकला. 'घ्या काय लागंल ते.' कोण म्हणलं, दाजी?"

"काचेच्या कपाटातली वस्तू. एवढी तरी अक्कल..."

"अक्कल काढू नका! माझ्या आईची समई त्याच कपाटात व्हती. ती घासायची अन् तिच्या शेजारची नाय घासायची, हे मला कोण सांगणार? 'हात लावू नका' एवढंच लिवलंय. का लावू नाय, ते कुठं लिवलंय?"

ते कुठंच लिहिलं नव्हतं. सुरेखा स्वतः कपाटापाशी उभी राहून येईल त्याला सांगायची. ती गेल्यावर खोल्या काकासाहेबांच्या गळ्यात पडल्या. भिंतीला ओल, जात्यांच्या मागं उंदरांची घरं, काचेवर शाळेतल्या पोरांची बोटं. कुणी आत येऊन आधी संडास विचारायचं. कुणी बंद पडलेला मिक्सर आणून म्हणायचं, जुना आहे, ठेवा. आणि कुणी विचारलं, ही सुरई काळी का, तर काकासाहेब म्हणायचे, "बघायची तर बघा. नाहीतर दार तिकडं आहे."

अक्कांचं बोलणं वर्मी लागलं. म्हणून ते आणखी वाईट बोलले.

"दिसलं भांडं की घास. मोलकरणीची खोड तुमची."

अक्कांनी पालथी समई उचलून पदरानं पुसली. मग हळूच म्हणाल्या, "याच भंगारापायी माझी बहीण गेली. अंगात ताप असताना जातं आणायला खेड्यात गेली, अन् तुम्ही जाऊ दिली."

"जेवण झालं की गाडी धरा."

"जेवायला थांबतंय कोण? स्वयंपाक तुमच्यासाठी नाय केला. तिच्यासाठी केलाय."

दुपारच्या नमाजानंतर हमीदाबी आल्या. अक्का पिशवी भरून ओट्यावर रिक्षाची वाट बघत होत्या. काकासाहेबांनी सुरई परत कपाटात, जरा अंधारात ठेवली होती. म्हातारीनं ती बाहेर काढून दारातल्या उजेडात धरली.

"किसने किया जी ये?"

"हिनं," काकासाहेबांनी ओट्याकडं बोट केलं.

"व्हय, म्याच," अक्का म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं."

हमीदाबींनी अक्कांकडं पाहिलं, मग काकासाहेबांकडं. "इनको नहीं मालूम था. तुमको तो मालूम था ना? मग तुम्ही का नाय सांगितलं?"

"मी काय प्रत्येकाच्या मागं फिरू?"

"सुरेखा फिरती थी." त्यांनी सुरई ओढणीत गुंडाळली. "बीदरला नेते. तिथल्या किल्ल्याची माती लावली की परत काळी होती. पण इथं नाय आणणार. सुरेखा जो बोलती थी, वो पहले लिखो. पाटी लावा. मंग बघू."

"न्या. मलाही नको तुमची जोखीम."

रिक्षा आली. म्हातारीला सुरई सांभाळत रिक्षात चढता येईना. अक्कांनी उठून सुरई आपल्याकडं घेतली. "चला, मी धरते. तुम्हाला सोडून मग स्टँडवर जाते."

"आता पाडू नका म्हणावं," काकासाहेब दारातून म्हणाले.

"बिघडायचं ते बिघडलंय," अक्का वळूनही न बघता म्हणाल्या. "अन् माझ्या आईची समई मला धाडून द्या. आत्ताच नेली असती, पण सुरेखाच्या फोटोपुढं लावलीय. जळता दिवा उचलत नसतेत."

दोघी एकाच रिक्षात बसून गेल्या. अर्ध्या तासापूर्वी त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

तेव्हापासून काकासाहेब अधूनमधून पाटी लिहायला बसतात. सुरेखा काय सांगायची ते सगळं पाठ आहे. दोन ओळी होतात, मग अक्कांचं बोलणं आठवतं, डोकं फिरतं आणि कागद चुरगळला जातो. पाटी अजून लिहून झालेली नाही. समईही लासूरला पाठवायची राहिली आहे.