डिकीतले तीन डबे

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि मला काडेपेटीची भीती वाटते. हसू नका. एवढं मोठं लोखंडी धूड, आणि बोटभर काडीला घाबरतं! पण माझी हकीकत ऐकलीत, तर तुम्हीही उठून आपापल्या गाडीभोवती एक चक्कर मारून याल.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी दुधी रंगाची होते. माझा पहिला मालक डॉक्टर होता. त्याला नवी गाडी मिळाली, आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे आले. तिथे माझं खरं आयुष्य सुरू झालं. टपावर शिडी, मागच्या सीटवर ब्रश आणि डिकीत थिनरचे तीन डबे. पुढे पेंटरची बायको बसायची आणि मागे, ब्रशांच्या शेजारी अंग चोरून, त्यांची आठ वर्षांची लेक. तिला सगळे चिऊ म्हणत. थिनरचा वास माझ्या सीटांत इतका मुरला होता, की ओळखीची माणसं डोळे मिटूनही मला ओळखतील.

पेंटरचा माझ्यावर भारी जीव. एका सुट्टीत त्याने मला नखशिखांत रंगवलं. डबा संपेना, म्हणून बॉनेट उघडून आतही हात चालवला. पत्रा रंगवला, झाकणं रंगवली, आणि पेट्रोलच्या रबरी पाइपांवरही चकचकीत काळा रंग फासला. "आतूनसुद्धा कशी नवी नवरी दिसतेय बघा!" असं म्हणत त्याने शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगले, खोटं कशाला बोलू? माझा घात तिथेच झाला होता, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

पुढे त्या रंगाखाली एक पाइप कडक झाला आणि तडकला. वरून मात्र तो चकचकीतच दिसत होता. एके दिवशी त्यातून पहिला थेंब गळला, आणि तो पडला कुठे, तर धूर बाहेर नेणाऱ्या माझ्या तापलेल्या नळीवर! थेंबाची तिथल्या तिथे वाफ झाली. माझ्या काळजाचं पाणी झालं. आज वाफ झाली, पण उद्या एखादी ठिणगी पडली तर? आणि मागे चिऊ बसलेली होती.

वास आत येऊ लागला. पण माझ्यात वास येणं ही काही नवलाई नव्हती.

"अहो, डब्यांची झाकणं लावता की नुसती वर ठेवता? डोकं उठलं माझं," बायको म्हणायची.

"लावलीत गं घट्ट. थिनर आहे ते, अत्तर आहे का?" पेंटर म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तो झाकणांवर प्लास्टिक बांधायचा, तिसऱ्या दिवशी त्यावर दोरी आवळायचा. टाकी लवकर रिकामी होऊ लागली, तर म्हणाला, "वय झालं हिचं, आता जास्त पिणारच." अरे बाबा, मी पीत नाहीये, मी गळतेय! पण ओरडू कशाने? माझा हॉर्नसुद्धा त्याच्याच हातात.

एका गोष्टीवर मात्र मी जीव धरून होते. पेंटर सिगारेट ओढायचा, पण माझ्यात बसून कधीच नाही. डिकीत थिनर असताना काडी पेटवायची नाही, हा त्याच्या धंद्यातला पक्का नियम होता. ज्या डब्यांना बायको रोज शिव्या घालायची, तेच डबे आम्हाला राखत होते.

मग तो दिवस आला. बायकोच्या बहिणीकडे जायचं होतं. "माझ्या माणसांत मी थिनरचा वास घेऊन जायची नाही," असं म्हणत तिने तिन्ही डबे उचलून घराच्या व्हरांड्यात ठेवले. मित्रांनो, माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

अर्ध्या वाटेवर रस्ता तुंबला. पेंटरने काच खाली केली, खिशातून सिगारेट काढली आणि खुशीत म्हणाला, "आज डबे नाहीत. आज चालतं." काडेपेटी खुळखुळली. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. नको, नको, नको, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

तेवढ्यात मला उचकी लागली आणि मी गचका खाल्ला. तो मी मुद्दाम दिला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खरं सांगते, फुटक्या पाइपातून पेट्रोल पुरेसं पोचत नव्हतं, म्हणून तो बसला. काडेपेटी पेंटरच्या हातातून निसटून पायाशी पडली. तो ती घ्यायला वाकला आणि मागून चिऊ म्हणाली,

"बाबा, डबे घरी आहेत ना? मग वास कसला येतोय?"

पेंटर वाकलेला तसाच राहिला. मग त्याने किल्ली फिरवून मला बंद केलं. "उतरा. दोघी उतरा. त्या भिंतीपाशी पळा!" तो ओरडला. काडेपेटी त्याने गटाराच्या पाण्यात भिरकावली आणि तोही भिंतीकडे धावला. बायकोने चिऊला असं कवटाळलं होतं, की पोरीला श्वास घेता येईना.

जवळच्या गॅरेजमधला म्हातारा फिटर आला. "चालू करायची नाही, ढकलत न्यायची," त्याने बजावलं. चौघांनी मला ढकलत त्याच्या मोकळ्या अंगणात नेलं. त्याने बॅटरीची तार सोडवली, वाळूची बादली शेजारी आणून ठेवली आणि मी पुरती गार होईपर्यंत बॉनेटमध्ये हात घातला नाही. मग सगळे पाइप पुसून कोरडे केले, खाली पांढरा कागद पसरला आणि पाइपांत पेट्रोल ढकलणाऱ्या माझ्या छोट्या पंपाची दांडी हाताने हळूहळू दाबू लागला.

एकदा, दोनदा. पाचव्यांदा टप्पकन थेंब पडला.

फिटरने पाइपावरचा काळा रंग नखाने खरवडला. खाली भेगाच भेगा होत्या. "पेंटर, रबराला रंग कोणी फासला रे?"

"मीच," पेंटर खाली मान घालून म्हणाला. "छान दिसावं म्हणून."

"दिसतंय छान. पण भेग मला कशी दिसणार?"

बायको हळूच म्हणाली, "आणि मी आपली झाकणांवरून भांडत बसले."

फिटरने सगळे पाइप बदलले, नव्या क्लिपा आवळल्या आणि दांडी पुन्हा दाबून पाहिली. कागद कोरडा राहिला. मग त्याने मला चालू करून पुन्हा कागद पाहिला. तरीही कोरडाच. मी मात्र अजून थरथरत होते, आणि ते काही नुसत्या इंजिनामुळे नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला रंगवू नका असं मी म्हणत नाही. पण आमचं झाकायचं काय आणि उघडं ठेवायचं काय, हे आधी एखाद्या फिटरला विचारा. आणि वास आला, तर तो ओळखीचा आहे म्हणून सोडून देऊ नका.

आता डबे हातगाडीवरून जातात. चिऊ रोज बसण्याआधी माझ्या बॉनेटपाशी वाकते आणि नाक लावून हुंगते. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभी असते. मग ती ओरडते, "नाही येत, बाबा!" तेव्हा कुठे पेंटर किल्ली फिरवतो.