बोअरचं पाणी

"बांधाच्या भरावाचं रोलिंग नीट झालं नव्हतं, माती पुरती दाबली गेली नाही, एवढंच लिहा. सही करा, विषय संपला," म्हणत अनिकेतने कागद टेबलावर सरकवला.

माती तपासायच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या चंद्रिकाबाईंना हा पुण्याहून आलेला इंजिनिअर एरवी डोळ्यांसमोर नको असे. आज मात्र त्याचं बोलणं कानाला गोड लागत होतं. सिरुसेरी गावाच्या मागे, तळ्याकाठच्या नव्या वसाहतीचा बांध घळ पडून फाटला होता. राखणदाराची खोली त्या घळीत गेली होती आणि दोष जाणार होता कंत्राटदार मुरलीकडे. मुरलीही बाईंसारखा तंजावरकडचाच, घरी त्यांच्यासारखीच जुन्या वळणाची मराठी बोलणारा, तरी हाडवैरी. दोन वर्षांपूर्वी याच बांधाच्या मातीच्या रिपोर्टसाठी तो डोक्यावर बसला होता आणि सगळ्यांदेखत "या म्हातारीला घरीं बसवा" म्हणाला होता.

"भोगूं दे आतां मेल्याला," बाई म्हणाल्या.

तरी पद्धत म्हणून त्यांनी घळीतून आणलेला मातीचा खडा डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात टाकला. चांगली माती नुसती ढासळते. या खड्याभोवती मात्र दुधाळ गढूळपणा पसरत गेला. अशी माती कितीही दाबा, तळं भरून जमिनीतलं पाणी चढलं की ते बांधाखालून झिरपतं आणि आतली माती धुऊन नेतं. वरून काही दिसत नाही. मग एक दिवस सगळं खाली बसतं.

मग तेव्हा हीच माती पास कशी झाली? बाईंना आठवलं. त्या आठवड्यात डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं होतं. मुरली ओरडत होता. त्यांनी रागारागाने ग्लास नळाखाली धरला होता. नळाला बोअरचं पाणी, खारट. त्यात असली लबाड मातीसुद्धा पाणी गढूळ न करता शहाण्यासारखी बसून राहते.

"मॅडम, सही."

"रोलिंग बरें होतें. मी तेव्हां बोअरच्या पाण्यांत खडा टाकला. चूक माझी."

"वेड लागलंय का? पुढच्या महिन्यात रिटायर होताय तुम्ही! पाण्याचं कोण विचारतंय?"

"मुरलीला आंत बोलवा. बाहेर बसलाय तो."

मुरली आला. बाईंना त्याचं तोंड अजूनही बघवत नव्हतं. तरी त्याच्याकडे बघूनच त्यांनी सगळं सांगितलं.

"दोन महिने कोणी काम देत नाहीं मला," मुरली दात खात म्हणाला. "घरांत बायको सुद्धां विचारते, माती चोरलांत कां म्हणून. पुन्हां सांगा. मोठ्यानें."

बाईंचा चेहरा तापला. रागही आला आणि लाजही वाटली. त्या उठल्या, बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बाहेरची लॅबची माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती.