उंदीर सोडले तर

ओढ्याकाठच्या गल्लीचा एक नियम होता. परक्या माणसानं विचारलं, "इथे काही प्राणी दिसतात का हो?" तर म्हणायचं, "छे! उंदीर सोडले तर काही नाही." गल्लीतल्या पोरांना बोलायला येऊ लागलं की आधी हे शिकवायचे, पाढे नंतर.

शिवणकाम करणाऱ्या मावशीला हा नियम सासूनं शिकवला होता. सासूच्या तरुणपणी कुणी फासे लावणारा येऊन ओढ्याच्या वळणावरच्या पाणमांजरांची दोन कातडी घेऊन गेला, तेव्हापासून गल्लीनं तोंडाला कुलूप लावलं. मावशीचं मशीन खिडकीशी होतं. चाळीस वर्षं ती एक डोळा सुईवर आणि एक डोळा वळणावर ठेवून शिवत आली. सकाळी मादी पिल्लांना पाण्यात ढकलायची, पिल्लं कुरकुरत पुन्हा दगडावर चढायची.

"आमच्या धाकट्यासारखीच, आंघोळीची चोर!" मावशी म्हणायची, आणि सासू हसून हसून खोकायची.

सासू गेल्यावर काही वर्षांनी पालिकेची पाहणीवाली आली. हातात छापील कागद.

"मावशी, ओढ्यात काही प्राणी?"

"उंदीर सोडले तर काही नाही."

"नक्की?"

"अगं, माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

मावशीनं सही ठोकली. एकतीस घरांनी हेच सांगितलं. संध्याकाळी बाया ओट्यावर बसून हसल्या, "कशी बनवली बिचारीला!"

दीड वर्षानं ओढ्याचे काठ सिमेंटनं बांधायला यंत्रं आली. अर्धा शिवलेला सदरा मशीनवर तसाच टाकून मावशी नगरसेवकाकडे धावली. तो याच गल्लीत वाढलेला. त्याच्या शाळेच्या चड्ड्या तिनंच शिवलेल्या.

"थांबव रे ते. पाणमांजरं आहेत तिथे."

त्यानं कपाटातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "मावशी, ही सही कुणाची?"

तिनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "आणि तू? तू नाही पाहिलीस? माझ्या खिडकीत नाक चिकटवून बसायचास."

"पाहिली की." तो खाली बघत राहिला. "सभेत मला विचारलं, तुमच्या भागात काही आहे का? तोंडातून आपसूक निघून गेलं, उंदीर सोडले तर... सगळे हसले. तुम्हीच शिकवलंत ना, मावशी."

हे खरं होतं की राजकारण, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण शिकवलं तिनंच होतं, एवढं खरं.

त्यानं धावपळ केली, पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं: नोंद नाही. पावसाआधी वळण सरळ झालं. दगड गेला. मादी दोन दिवस यंत्रांच्या पलीकडे शीळ घालत फिरली, तिसऱ्या दिवशी शीळ आली नाही.

मशीन अजून खिडकीशीच आहे. मावशी आता दोन्ही डोळे सुईवर ठेवते, तरी टीप वाकडी जाते.

परवा नगरसेवकानं निरोप धाडला, की वरच्या वस्तीतल्या ओढ्याची पाहणी पुढच्या आठवड्यात आहे. गुडघा धरत, दोनदा कठड्यावर बसत मावशी तिथवर गेली. काठावर एक बाई चादर पिळत होती.

"बाई, इथे पाणमांजरं आहेत का गं?"

"छे हो आजी!" बाई झटकन म्हणाली. "बेडूक सोडले तर काही नाही."

फारच झटकन. मावशीनं तो सूर ओळखला. चाळीस वर्षं तिच्याच घशातला होता तो. ती तिथेच पायरीवर बसली.

"मीपण असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सहीसुद्धा केली होती."

बाईचे हात चादरीवर थांबले. तिची नजर क्षणभर खालच्या लव्हाळ्याकडे गेली आणि लगेच परत आली.

"पाणी आणू का, आजी?"

"आण. आणि मग जरा बस माझ्याजवळ."