म्हातारीचा शेवट

"अगं, पण थोपटायचं नेमकं काय?" ताईनं कणकेच्या गोळ्यावर हात ठेवून विचारलं.

"लहान मूल आहे असं समज. आधी डोकं कर, मग गाल. घाई नको."

हात कसे हलतात ते पुढे चित्रांत उतरवायचं म्हणून धाकटीनं कॅमेरा डब्याला टेकवून सुरू केला. या वयात बाहुल्या करायला लावतेस, असं म्हणत ताई हसली. पण कणकेला हात लागला तशी गप्प झाली. अंगठ्यानं डोळ्यांच्या खोबणी केल्या, कानामागचा जास्तीचा भाग अलगद काढला, हनुवटीवरून बोट फिरवलं. कॅमेरा बंद झाल्यावरही ती थोपटतच होती.

आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम चालायला लागली होती आणि ताई कॉलेजात होती. पुढे लग्न ठरताना ताईनं एकच अट घातली, ही माझ्याबरोबर येणार. भावोजी भले, लगेच हो म्हणाले. वेण्या, डबे, गोवर, चित्रकलेचा क्लास, सगळं ताईनंच निस्तरलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. पण तो विषय त्या घरात कधी निघाला नाही. भावोजी वारल्यानंतरही नाही.

दुसऱ्यांच्या ॲनिमेशनपटांत दुसऱ्यांची पात्रं चालवण्या-पळवण्यात धाकटीची उमेदीची वर्षं गेली होती. दिग्दर्शनाची ही पहिलीच संधी. कथा रशियन, लोकांच्या तोंडून चालत आलेली. निपुत्रिक म्हातारा-म्हातारी बर्फाची मुलगी घडवतात, ती जिवंत होते, हिवाळाभर घर भरून जातं. मग उन्हाळ्यात मैत्रिणींच्या नादानं ती जाळावरून उडी मारते आणि तिची वाफ होते.

"मुलं रडतील हो," निर्माता म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात ती परत येते असं दाखवू."

"ती परत येत नाही."

"अहो, चार रेघा जास्त काढायच्या. तुमच्या हातचा मळ आहे."

"मग त्या रेघा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. माझं नाव मात्र काढा."

निर्मात्यानं मान हलवली आणि विषय सोडला. तो शेवटचा प्रसंग धाकटीनं स्टुडिओतल्या कुणाला हात लावू दिला नाही. वाफ विरते. म्हातारी कोरडेच हात एप्रनला पुसते. थोडं थांबते, पुन्हा पुसते.

हे तिनं पाहिलेलं होतं. शिकायला म्हणून घर सोडलं त्या दिवशी, गाडीच्या मागच्या काचेतून. फाटकाशी उभी राहून ताई असेच हात पुसत होती.

पहिल्या खेळाला ताई लांबचा प्रवास करून आली, इस्त्रीच्या कपड्यांत पुढच्या रांगेत बसली. खेळ संपला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. धाकटी मंचावर गेली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"म्हातारी इतकी खरी कशी उतरली?" एका समीक्षकानं विचारलं.

"माझ्या मोठ्या बहिणीवरून," धाकटी म्हणाली. शब्द आपसूक येत होते, आणि ते चांगले येताहेत हे तिला कळत होतं. "तिला मूलबाळ नाही. मी लहानपणापासून तिला जवळून पाहिलंय. कूस रिकामी राहिलेल्या बाईचे हात कसे असतात, ते मी तिच्याकडेच पाहिलं."

पुन्हा टाळ्या झाल्या. ताईनंही वाजवल्या, इतरांच्या मागून, सावकाश. तिच्याकडे नजर गेली तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं. मागच्या काचेतून हात पुसताना दिसलेली ती बाई कुणासाठी उभी होती, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. पण पुढचा प्रश्न आला, आणि तिनं त्याचं उत्तर दिलं.

बाहेर चहाच्या टेबलाशी गर्दी होती. वाट काढत धाकटी ताईच्या पाठीशी पोचली, तेवढ्यात आयोजक बाईंनी ताईला विचारलं, "दिग्दर्शिकेकडच्याच ना तुम्ही? कोण आपण त्यांच्या?"

ताईनं कप बशीत ठेवला.

"मी होय? ओळखीची."

"अस्सं. मग चित्रपट आवडला असेल."

"चित्रं छान काढते. पहिल्यापासून."

धाकटी अगदी मागेच उभी होती. हात पुढे केला असता तर ताईच्या खांद्याला लागला असता. निर्मात्यानं पलीकडून हाक मारली. फोटोसाठी सगळे तिच्यापायी खोळंबले होते.

"आले," ती म्हणाली, आणि गेली.