गुलाबरावांच्या पाटीवरचा पासवर्ड

धाडच्या एसटी स्टँडसमोर अश्विनीचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, आणि त्याला चिकटून गुलाबरावांचं हॉटेल. शेजारधर्म म्हणून तिनं त्यांना वायफायचा पासवर्ड दिला. त्या भल्या माणसानं तो सरळ पाटीवर कचोरीच्या भावाखाली खडूनं लिहून ठेवला. तेव्हा अश्विनी हसली होती. आता शेजाऱ्याशी काय भांडायचं?

हसू आटलं ते हर्षलच्या फोनानं. दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरांवर एकच फोल्डर दिसावं म्हणून बुलढाण्याच्या या हर्षलनंच तिला सर्व्हर बसवून दिला होता.

“ताई, त्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमंधी मोठी गडबड निघाली. पासवर्ड न टाकताच कोणीबी तुमचं फोल्डर उघडू शकते. फक्त तुमच्या वायफायवर पाहिजे तो. मी इथूनच दुरुस्त करून राह्यलो. वायफाय कोणाले देलं तर नाही ना?”

अश्विनीची नजर पाटीवर गेली.

फोल्डरात अर्ध्या गावाचे कागद होते. तिला आठवला तो एकच, काजलचा भाडेकरार. काजलनं घरच्यांच्या विरोधात, परजातीतल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं. दोघं संभाजीनगरात कुठं राहतात, हे तिच्या सख्ख्या आईलाही माहीत नव्हतं. करार टाइप करायला तिनं मुद्दाम अश्विनीला सांगितलं, कारण गावात दुसऱ्या कोणावर तिचा भरवसा नव्हता. आणि अश्विनीनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, अगदी काजलचा भाऊ राजकुमार खोदून खोदून विचारत होता तेव्हाही.

हा राजकुमार हार्डवेअरचा कोर्स केलेला. दिवसभर गुलाबरावांच्या बाकड्यावर लॅपटॉप मांडून बसायचा. “सापडली की दोघांलेबी उभं कापतो,” असं तो चारचौघांत बोलला होता. ऐकणारे चहा पीत राहिले. म्हणे, पोरगं रागात आहे, होईल शांत.

“हर्षल, कोणी काय उघडलं ते दिसते का?”

“दिसते. थांबा जरा.” तिकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. “काल बाहेरून एकच फाईल उघडली ताई. काजल भाडेकरार. लॅपटॉपचं नाव राजकुमार.”

अश्विनी दुकान तसंच उघडं टाकून हॉटेलात गेली. बाकडं रिकामं होतं.

“काका, राजकुमार कुठी हाय?”

“संभाजीनगरले गेला ना सकाळच्या गाडीनं,” गुलाबराव खुशीत म्हणाले. “बहिणीले साडी घेऊन गेला. राग सोडला म्हणे. चांगलं झालं बाई.”

अश्विनीनं तिथंच उभ्या उभ्या काजलला फोन लावला. उचल बाई, उचल, एवढंच ती पुटपुटत होती.

“ताई!” काजलचा आवाज आनंदानं भरून आला होता. “दादाले तुम्हीच पाठवलं न? तुमचं नाव सांगितलं त्यानं, म्हणून तर दार उघडलं मी. साडी आणली त्यानं माह्यासाठी.”

“काजल, माह्यं ऐक. त्याले काही बोलू नको. घराबाहेर नीघ, आत्ताच्या आत्ता.”

“काऊन ताई? चहा ठेवला मी. हे साखर आणायले गेले, येतीलच.” मग फोन तोंडापासून दूर गेल्यासारखा तिचा आवाज आला. “दादा, कडी काऊन लावून राह्यला?”