फादरांची खुर्ची

मॅलकी डिग्ननला माफी मागायची होती आणि ती माफी त्याच्या खिशात होती. टाइप केलेल्या चार ओळी. डब्लिनच्या टीव्ही केंद्रातल्या हॅलिनन साहेबांनी त्या स्वतः बसून लिहिल्या होत्या. शनिवारी संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात, दोन मिनिटांत, चेहरा गंभीर ठेवून वाचायच्या. सगळ्या आयर्लंडला हसवणाऱ्या माणसाला माफी दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागते, यातच काय ते आलं.

भानगड झाली होती विधवा मॅगमुळे. डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना कोट आणि तोंड सतत चालू, अशी ही बाई मॅलकी तीन वर्षं टीव्हीवर रंगवत होता. त्याआधी तो बेकरीची व्हॅन चालवायचा. दारोदार पाव पोचवताना प्रत्येक दारातली बाई कशी बोलते, कशी कुरकुरते, पावाचा खालचा भाग कसा दाबून पाहते, हे त्याने डोक्यात साठवलं होतं. मग गावच्या हॉलमधली नाटकं, मग नाचगाण्याच्या वाद्यवृंदात वादक चहाला गेले की मध्ये दहा मिनिटं विनोद, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी टीव्ही. मॅगने त्याला घर दिलं, गाडी दिली आणि रस्त्यात ओळखणारी माणसं दिली.

गेल्या शनिवारच्या भागात मॅगच्या घरी मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची ख्रिस्ती उपासना, झाली. मॅलकी जिथे वाढला त्या क्लूनशीसारख्या वाडीत घरची मिस्सा पाळीने फिरते. अकरा घरं, वर्षाला एक. एकदा आपल्याकडे झाली की पुन्हा अकरा वर्षं थांबायचं. म्हणून महिनाभर आधी भिंतींना चुना, दारांना रंग, शेजारणीकडून चांगल्या कपबशा. मिस्सा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. मग फादर चांगल्या खोलीत न्याहारीला बसतात, सोबत शाळामास्तर आणि वाडीतले दोन वजनदार बाप्ये. बायका स्वयंपाकघरात उभ्या राहतात आणि आतून जे परत येईल ते खातात. हे असंच चालत आलं होतं, आणि कुणी त्याबद्दल ब्रसुद्धा काढला नव्हता.

मॅगने काय केलं, तर फादर हात धुवायला गेले तेवढ्यात ती त्यांच्या खुर्चीत बसली. त्यांचं उकडलेलं अंडं फोडलं, चमच्याने खाल्लं आणि दारात थिजलेल्या फादरांना म्हणाली, "बसा ना, पण कुठे बसता?" एवढंच. देश पोट धरधरून हसला. क्लूनशीचे फादर लाव्हेल मात्र हसले नाहीत. रविवारी त्यांनी वेदीवरूनच सांगून टाकलं की दहा तारखेच्या गुरुवारी मिस्सा डिलिया डिग्ननच्या घरी ठरली आहे; पण तिच्या मुलाने शनिवारी टीव्हीवरून माफी मागितली नाही, तर ती शेजारच्या हेशनांकडे होईल. डिलिया तेव्हा तिसऱ्या बाकावर बसली होती. सगळं चर्च तिच्या पाठीकडे बघत होतं.

पाळी आलेलं घर ओलांडून मिस्सा पुढे गेली, असं क्लूनशीत कुणाच्या आठवणीत नव्हतं. बाई म्हातारी, एकटी, आणि तिला राहायचं होतं तिथेच. मॅलकी डब्लिनला होता, त्याचं काय जात होतं? म्हणून त्याने ठरवलं की नाक मुठीत धरून चार ओळी वाचायच्या आणि मोकळं व्हायचं. शुक्रवारी तो आईला हे सांगायला गाडी घेऊन निघाला. वाटेत त्याने त्या ओळी चारदा मोठ्याने म्हणून पाहिल्या आणि चारही वेळा त्याला स्वतःची लाज वाटली.

डिलिया शिडीवर उभी राहून खिडकीची चौकट हिरवी रंगवत होती. सदुसष्ट वर्षांची बाई.

"उतर खाली," मॅलकी म्हणाला. "मी करतो."

"तू रंगवलेलं दार अजून चिकटतंय. तिथेच उभा राहा आणि डबा धर."

त्याने डबा धरला आणि सगळं सांगितलं. ओळीही वाचून दाखवल्या. 'श्रद्धावान कुटुंबांच्या भावना', 'अनवधानाने', 'मनःपूर्वक खेद'. ब्रश चालूच होता.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

"हॅलिनन साहेबांनी."

"वाटलंच. या घरात कुणी कधी अनवधानाने काही केलं नाही."

"आई, फादर ओलांडून गेले तर तुला चालेल? बीना हेशनच्या घरी मिस्सा, आणि तू चुना लावून बसलेली? दुकानात कुणी बोलायचं नाही तुझ्याशी."

डिलिया शिडीवरून उतरली. हात पुसले. मग ती जे बोलली, ते ती बावीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

"बावन्न साली आपल्याकडे मिस्सा होती. तुझा बाप जाऊन तीन आठवडे झाले होते. तू नऊ वर्षांचा होतास. आठवतंय?"

"आठवतंय."

"काय आठवतंय?"

मॅलकीने मान खाली घातली. "तू दारामागे उभी राहून फादरांच्या ताटातली टोस्टची कड खात होतीस."

"पहाटे तीनला उठले होते मी. चार महिन्यांची कमाई त्या टेबलावर मांडली होती. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या खुर्चीत तो माणूस बसला आणि 'चहा जरा पातळ आहे' म्हणाला. मला बसायचं होतं रे. पाय मोडून आले होते. पण मी बसले नाही. बाया बसत नाहीत. गेल्या शनिवारी तू मला बसवलंस. सगळ्या देशासमोर. मी बीनाकडे टीव्ही बघत होते आणि मला रडू आलं. आता उद्या जाऊन मला पुन्हा उठवणार आहेस?"

मॅलकीने रंगाचा डबा खाली ठेवला. त्याला वाटत होतं, मॅग म्हणजे त्याची कल्पना. आईने तिच्यात स्वतःला ओळखलं असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, आणि ओळखून तिला बरं वाटलं असेल असं तर मुळीच नाही.

"नोकरी जाईल," तो शेवटी म्हणाला.

"व्हॅन चालवायला विसरलास का?"

शनिवारी हॅलिनन साहेब कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभे होते. मॅलकीने सूट घालून यायचं ठरलं होतं. तो आला रुमाल बांधून, कोट चढवून, मॅग होऊन. स्टुडिओतले प्रेक्षक हसायला लागले. त्याने एक खुर्ची मध्यभागी ओढली, तीत बसला, किटलीतून कपभर चहा ओतला आणि प्यायला सुरुवात केली.

बोलला काहीच नाही. दोन मिनिटं माफीसाठी राखून ठेवली होती. ती दोन्ही मिनिटं मॅग चहा प्यायली. फुंकर मारली, साखर घातली, ढवळली, पाय लांब केले. पहिलं अर्धं मिनिट लोक खदखदले. मग हसू ओसरलं. मग त्यांना कळलं की ही बाई उठणार नाही, आणि स्टुडिओ चिडीचूप झाला. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. कप रिकामा झाल्यावर मॅगने तो कॅमेऱ्यासमोर धरला.

"चहा जरा पातळ आहे," ती म्हणाली.

टाळ्या थांबायच्या आत हॅलिनन साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "तुझं इथलं संपलं, डिग्नन."

"कागद परत हवाय का?" मॅलकीने विचारलं. "कोरा आहे मागून. कामी येईल."

तो जिना उतरून बाहेर आला. घर, गाडी, नाव, सगळं एका कप चहात बुडालं होतं. तरी बऱ्याच वर्षांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

बुधवारी तो क्लूनशीला आला. घर पांढरंशुभ्र. चांगल्या खोलीत टेबल मांडलेलं, बारा कपबशा, इस्त्रीची चादर.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"पाळी माझी आहे," डिलिया म्हणाली. "पाळी कुणाच्या बापाची नाही."

गुरुवारी सकाळी आठला तीन शेतांपलीकडे हेशनांच्या अंगणात सायकली आणि गाड्या जमल्या. मॅलकी खिडकीतून बघत होता. डिलियाने बेकन तव्यावर टाकलं, पाव कापला, लोणी काढलं. ती बोलत नव्हती. एकदा सुरी तिच्या हातून टेबलावर पडली. त्याला त्या क्षणी फादर लाव्हेलांचा, हॅलिननचा आणि स्वतःचाही मनापासून राग आला. बारा कप मांडून एकही माणूस आला नाही, तर ही बाई तुटून जाईल, आणि त्याला कारण आपण, हे त्याला ठाऊक होतं.

पावणेनऊला हेशनांचं मागचं दार उघडलं. आधी एक बाई बाहेर पडली. मग दोन. मग पाच-सहा, चांगले कोट घातलेल्या, चिखलातून सरळ शेत तुडवत निघालेल्या. सगळ्यांत पुढे ऐंशी वर्षांची नॅन टार्पी काठी टेकत, आणि सगळ्यांत शेवटी, कमरेला एप्रन तसाच, खुद्द बीना हेशन.

"बीना," डिलिया दारात म्हणाली, "तुझ्याकडे मिस्सा आहे ना गं?"

"मिस्सा झाली. देवाला देवाचं मिळालं."

"आणि फादर?"

"बसलेत चांगल्या खोलीत, मास्तरांशी बोलत. न्याहारीची वाट बघतायत."

"मग न्याहारी कोण करतंय?"

"चूल पेटलेली आहे, पातेलं खुंटीला आहे, अंडी टोपलीत आहेत," बीना म्हणाली. "चार बाप्ये आहेत तिथे. एकाला तरी पाणी उकळता येत असेल."

नॅन टार्पी एवढी हसली की तिला धरून आत आणावं लागलं. डिलियाने सगळ्यांना चांगल्या खोलीत नेलं. बायका आधी भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या, सवयच ती. "बसा," डिलिया म्हणाली, आणि नवऱ्याच्या खुर्चीत ती स्वतः बसली. मग खुर्च्या सरकल्या. मॅलकीने बीनाचा एप्रन मागून घेतला आणि तव्याशी गेला.

पुरुष अर्ध्या तासाने आले, एकेक करत, टोप्या हातात, भुकेले. त्यांना मॅलकीने स्वयंपाकघरात बाकावर बसवलं. कुणी तक्रार केली नाही. आणि मग फादर लाव्हेल आले. ते स्वयंपाकघरात थांबले नाहीत. सरळ जाऊन त्यांनी चांगल्या खोलीचं दार सताड उघडलं.

फादर आत आले की क्लूनशीत उभं राहायचं असतं. पाळण्यातलं पोर सोडलं तर सगळ्यांनी. नॅन टार्पीने सवयीने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि उठायला लागली. डिलियाने आपला हात तिच्या हातावर ठेवला. नॅन पुन्हा बसली. कुणीच उठलं नाही.

"मिसेस डिग्नन," फादर म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

"न्याहारी."

"या बायकांना यांची घरं आहेत, कामं आहेत."

"आज सुट्टी आहे," बीना म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली.

किटली घेऊन मॅलकी फादरांच्या मागेच उभा होता. इतकी वर्षं विनोद करून पोट भरलं, पण त्याला त्या घडीला एकही विनोद करावासा वाटला नाही. "तुमची जागा स्वयंपाकघरात मांडलीय, फादर," तो साध्या आवाजात म्हणाला. "बाकी पुरुष तिथेच बसलेत."

फादरांचा चेहरा लाल झाला. ते वळून गेले नाहीत, आतही आले नाहीत. बाहेरून थंड वारा येत होता आणि चादरीची कड उडत होती.

"आत या नाहीतर बाहेर जा, फादर," डिलिया म्हणाली, "पण दार लावा. चहा गार होतोय."

फादर लाव्हेल बाहेर गेले आणि दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं. त्यांच्या बाजूने आत शिरलेल्या मॅलकीने हातातल्या किटलीतून पहिला कप आईचा भरला.