शिंगराचा बाप कोण?

काळी घोडी व्याली आणि त्सेरमा शिंगराकडे बघतच राहिली. त्याचं अंग मातकट होतं आणि मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा होता. कळपातला एकुलता एक मोठा नर काळाच होता, आणि तो गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या बर्फाच्या वादळातच मेला होता. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि आता मे चालू होता, म्हणजे गेल्या जूनमध्ये कोण होतं?

"नदीपलीकडचा घोडा आला असेल," सासरे दोन्दोव म्हणाले.

"जूनमध्ये नदीला पूर होता, बाबा."

तिने कळपावरून नजर फिरवली. तसा पट्टा फक्त तिच्या माहेरहून आलेल्या दोन वर्षांच्या शिंगराच्या पाठीवर होता. गेल्या जूनमध्ये ते जेमतेम तेरा महिन्यांचं होतं.

"अगं, तेव्हा ते आईला लुचत होतं!" दोन्दोव हसले. तरी त्यांनी तिला ते शिंगरू धरायला लावून त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि त्यांचं हसू थांबलं. "दोन्ही वृषण उतरलेत की! मान भरावी म्हणून खच्ची करायला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणत होतो, आणि पठ्ठ्या बाप होऊन बसला."

"मग आता?"

"जखमेवर बसायला माशा यायच्या आत खच्ची करू. मान थोडी बारीक राहील, राहू दे."

चार दिवसांनी, थंड सकाळी, ते काम उरकलं. त्सेरमाने मात्र त्याच दुपारी गेल्या वर्षी जन्मलेली तिन्ही नर शिंगरं पकडली आणि एकेकाच्या पोटाखाली स्वतः हात घालून पाहिलं. एकाचा एक वृषण उतरला होता. त्याला तिने माद्यांपासून दूर, वेगळ्या दोरीला बांधलं.